अकरा वीसचा थर

१

सकाळी दहाच्या ठोक्याला ठिणगी दादाच्या दुकानात शिरायची. इस्त्र्या, पंखे आणि पोट फाडून ठेवलेले रेडिओ ओलांडत मागच्या खोलीत जायची आणि खोक्याच्या लाल बटणावर पाय ठेवून मनातल्या मनात मोजायची. एक, दोन, तीन. हिरवा दिवा विझला म्हणजे खोकं रिकामं झालं. मगच गिटार गळ्यात.

खोकं दादाने स्वतःच्या हाताने बांधलं होतं. एकाच लोखंडी डब्यात दोन करामती. एक डिले. वाजवलेला सूर थोड्या वेळाने परत ऐकवायचा, पुन्हा ऐकवायचा, दर वेळी आणखी फिका, पार विरून जाईपर्यंत. दुसरा लूपर. पायाने दाबलं की तो कान टवकारायचा, पुन्हा दाबलं की ऐकलेलं सगळं गोल गोल फिरवत बसायचा. त्या फेरीवर दुसरा थर चढवायचा, मग तिसरा. डब्याच्या माथ्यावर वाटाण्याएवढा माइक होता. टाळी, शीळ, तारेवर घासलेलं नख, काय हवं ते त्यात टाकावं. एकटी मुलगी दहा मिनिटांत आठ जणांचा ताफा उभा करायची.

ठिणगी हे नाव कॉलेजातलं. कुठेही पडली की पेटवायची म्हणून. धीर हा शब्द तिच्या कोशात नव्हता. ज्या बँडमध्ये ती वाजवायची, त्यातला कीबोर्डवाला एकदा अर्धं गाणं लॅपटॉपमध्ये भरून घेऊन आला. कार्यक्रमात ते लावायचं आणि वरून हात हलवायचे. ठिणगीने भर तालमीत गिटार उतरवली. "मग लोकांना घरीच बसू द्या की! ही चक्क फसवणूक आहे." कीबोर्डवाला म्हणाला, "अगं, कळतं कोणाला?" ती म्हणाली, "मला कळतं." आणि निघून आली. तेव्हापासून तिचा एकच नियम होता: जे वाजेल ते लोकांच्या डोळ्यांदेखत जन्माला येईल. आधी भरलेलं काही नाही.

रविवारी अकरा वाजता वाचनालयाच्या हॉलमध्ये तिचा पहिला एकटीचा कार्यक्रम होता. तो जुना बँड पहिल्या रांगेत बसून हसायला येणार, हेही तिला ठाऊक होतं.

बुधवारी तिने चार थर चढवले. घड्याळात अकरा वीस झाले होते. पाचवा चढवण्याआधी ती क्षणभर थांबली, आणि तिला फेरीत पाच थर ऐकू आले.

पाचवा अगदी बारीक होता. टक्. बस्स.

२

आधी तिने स्वतःचा बूट तपासला. मग गिटारच्या पट्ट्याचं बक्कल. मग भिंतीवरचे अंड्यांचे पुठ्ठे, ज्यांच्यामुळे त्या खोलीला कोंबड्यांच्या वसतिगृहाची कळा आली होती. काहीच सुटलेलं नव्हतं. खोकं रिकामं करून पुन्हा पहिल्यापासून वाजवलं, तर टक् नाही.

गुरुवारी, अकरा वीसला, पुन्हा आला. या वेळी त्याच्या आधी एक घसरल्यासारखा आवाज होता. कर्रर्र, टक्. कालच्यापेक्षा जरा मोठा.

"दादा, तुझं खोकं बिघडलंय."

दादा एका रेडिओच्या सुटलेल्या तारेला डाग देत होता. तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, डोळ्यांवर जाड भिंग, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. आईबाबा गेल्यावर तिची फी, तिची पहिली गिटार, तिचे नखरे, सगळं त्यानेच उचललं होतं. मान वर न करता म्हणाला, "माझं खोकं बिघडत नाही. माणसं बिघडतात."

तरी त्याने खोकं उघडलं, आतली मेमरी काढली, नवी बसवली. आत फुंकर मारून झाकण लावलं. "शेजारच्या गॅरेजमधलं काहीतरी पकडत असेल तुझा तो वाटाणा. चांगला माइक बसवलाय ना मी, त्याचं हे फळ."

ते पटण्यासारखं होतं. ठिणगीला पटलंही. मग तिने दुसरं रडगाणं काढलं. गिटारचा आवाज मोठा करणारा अँप घूंघूं करत होता. जुना, लोखंडी दांड्याचा, दादाने भंगारातून उचलून बोलता केलेला.

"ही घूं प्रत्येक थराबरोबर दुप्पट होते रे. आठव्या थराला गाणं कमी आणि गिरणी जास्त. प्लगमधली अर्थिंगची वायर काढून टाकली की जाते म्हणे. सगळे वाजवणारे तेच करतात."

आता मात्र दादाने मान वर केली. भिंग कपाळावर सरकवलं.

"सगळे वाजवणारे मूर्ख आहेत. ती हिरवी वायर शोभेची नसते, ठिणगे. आत कधी काही सुटलं तर करंट तिच्यावाटे जमिनीत जातो. ती नसली तर कोणावाटे जाईल?"

"बरं बाबा."

"बरं बाबा नाही. घूं चालेल. माणूस गेलेला चालणार नाही. म्हण."

"घूं चालेल," ठिणगी म्हणाली आणि जीभ दाखवून आत पळाली.

३

शुक्रवारी त्या आवाजाच्या मागून कोणीतरी ओरडलं.

शब्द कळले नाहीत. कोणी बाई होती. ठिणगीचा पाय बटणावरच राहिला. गॅरेज बंद होतं. तिने मागचं दार उघडून पाहिलं. बोळात एक मांजर ऊन खात पडलं होतं. बाकी शुकशुकाट. इतक्या स्वच्छ सकाळी भीती वाटायची म्हणजे अगदीच पोरकटपणा, असं तिने स्वतःला बजावलं. तरी आत येताना तिने दार उघडंच ठेवलं.

शनिवारी ती दहापासून नुसती बसून होती. काही वाजवलं नाही. खोकं रिकामं होतं, हिरवा दिवा विझलेला. अकरा वीसला तो आपोआप लागला.

कर्रर्र. टक्. "दादा, हात काढ!"

आवाज तिचा होता.

स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायची तिला रोजची सवय होती. दिवसभर तोच धंदा. त्यामुळे शंकेला जागा उरली नाही. फक्त ही हाक तिने कधी मारली नव्हती. घशाच्या तळातून, जीव तोडून ओरडलेली. असं ओरडताना माणसाचं तोंड कसं होत असेल, हे तिला नकळत डोळ्यांसमोर दिसलं आणि तिने हातांनी स्वतःचे गाल चाचपले.

एका पुठ्ठ्यावर तिने पेनाने लिहिलं. बुध, टक्. गुरू, कर्र टक्. शुक्र, कोणीतरी. शनि, मी. चारही दिवस अकरा वीस. दर दिवशी आधीपेक्षा मोठा. ती त्या चार ओळींकडे बघत राहिली. प्रतिध्वनी मूळ आवाजापासून दूर जातो तसा फिका होत जातो, हे कोणाला नाही तरी तिला तरी सांगायला नको होतं. मग हा वाढत का चालला होता? वाढणारा प्रतिध्वनी म्हणजे आपण मूळ आवाजाच्या जवळ जवळ चाललोय. तो मागे पडलेला नाही. पुढे आहे.

उद्या. अकरा वीसला.

चहाला जाताना दादाने ओढलेलं दुकानाचं शटर बाहेर अर्ध्यावर अडकत वर गेलं. कर्रर्र. टक्. दादा रोजच्यासारखा खालून हात घालून ते ढकलत होता.

"हात काढ!" असं तिच्या ओठांवर आलं आणि तिने तोंड दाबून धरलं.

४

"दादा, इकडे ये. हे ऐक."

तिने ते पकडून ठेवलं होतं, फेरी अजून चालू होती. कर्रर्र. टक्. "दादा, हात काढ!"

दादा दचकला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "अरे वा! तत्त्वांच्या मूर्ती! आधीच भरून ठेवलंत?"

"मी नाही भरलं."

"मग काय तुझ्या वहिनीने येऊन भरलं?"

"दादा, शप्पथ. मी हे कधी बोललेच नाहीये."

"लहानपणापासून दुसरं काय बोललीयेस माझ्याशी? दादा हात काढ, माझा खडू. दादा हात काढ, माझी गिटार." त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली. "लाजू नकोस. एवढी एक चोरी चालते. त्या कीबोर्डवाल्याला नाही सांगणार मी. पण ठेव हे, खरंच भारी आहे. लोक खुर्चीतून उडतील."

ती बोलायला गेली. काय बोलणार? उद्या तुझा हात कशाततरी अडकणार आहे, मला खोक्याने सांगितलं? स्वतःच्या कानांना जे हास्यास्पद वाटत होतं, ते दुसऱ्याच्या कानावर कसं घालायचं? आणि खरं सांगायचं तर चोर ठरल्याचा रागही आला होता. तिने एवढंच म्हटलं, "उद्या दुकान उघडू नकोस. शटरला हात लावायचा नाही. वचन दे."

"रविवारी कोण उघडतंय?"

"वचन दे."

"दिलं, माते."

त्या दिवशी तिने आणखी एक गोष्ट ठरवली. समजा ते शटर नसलं, दुसरं काही असलं, तरी एक दोर तिच्या हातात होता. ओरडणारी तीच होती ना? मग ती ओरडणारच नाही. मूळ आवाज झालाच नाही तर प्रतिध्वनी खोटा पडेल. तर्कात कुठे फट दिसत नव्हती.

५

हॉलमध्ये साडेनऊलाच ऊन भरलं होतं. लाकडी स्टेज, लोखंडी खुर्च्या, भिंतींवर कोणा देणगीदारांच्या तसबिरी. वहिनी पहिल्या रांगेत पिशवी ठेवून जागा धरून बसली होती. शाळेत गणित शिकवायची. रविवारीसुद्धा तिच्यासमोर लोक सरळ बसायचे.

"ठिणगी, काही खाल्लंस का?"

"भूक नाही."

"भूक नाही म्हणजे शून्य. शून्यावर दीड तास गाता येत नाही. हे केळं घे."

दादा समोरच्या कोपऱ्यात मिक्सरपाशी हॉलच्या रखवालदाराशी बोलत होता. गाण्याचा माइक मिक्सरला, तिची गिटार खोक्यात, खोकं अँपला. अँप तिच्या उजव्या हाताशी. तिने पहिली तार छेडली आणि तिच्या कपाळाची शीर उडाली.

घूं. दुकानातल्यापेक्षा तिप्पट.

"इथली लाइन जुनी आहे," दादा खालून म्हणाला. "राहू दे. चालेल."

चालेल? आठ थर म्हणजे आठ घूं. पहिल्या रांगेत कीबोर्डवाला. आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या घरघरीत तिला फेरीतलं बारीक काहीच ऐकू येणार नव्हतं. अकरा वीसला जे येणार होतं, त्याची चाहूल तिला आधी लागायला हवी होती. कान स्वच्छ हवे होते. दादाच्याच जिवासाठी हवे होते.

दादा गाडीतून स्पीकरच्या वायरचं दुसरं वेटोळं आणायला गेला. दहा चाळीस झाले होते. ठिणगीने त्याच्या पेटीतून दुसरा टेस्टर घेतला, अँपचा प्लग काढला, उघडला. इलेक्ट्रिशियनची बहीण होती ती, डोळे मिटून जमलं असतं. पितळेचा इवलासा स्क्रू, त्याखालून हिरवी वायर. ती वायर सोडवून मागे दुमडली, झाकण लावलं. स्क्रू जीन्सच्या खिशात. दीड तासाचा तर प्रश्न. कार्यक्रम संपला की परत लावते.

प्लग बसवला. हॉल एकदम शांत झाला.

दादा आला, मान वाकडी करून ऐकलं. "गेली की घूं!"

"मी म्हटलं तिला, जा," ठिणगी म्हणाली.

तो हसला. तीही हसली.

६

अकरा वाजता तिने सगळ्यांदेखत लाल बटणावर पाय ठेवला. एक, दोन, तीन. "खोकं रिकामं आहे," ती लोकांना म्हणाली. "आता जे ऐकाल ते इथेच होणार."

पहिल्या ओळीला तिचे ओठ माइकच्या जाळीला टेकले आणि ओठाला मुंगी चावल्यासारखं झालं. ती बोटभर मागे सरकली आणि गात राहिली. घाबरली म्हणजे होतंच असं काहीतरी.

टाळीचा थर. गिटारच्या पोटावर बोटांचा थर. मग शीळ, डिलेवर सोडलेली, फिकी होत छताकडे जाणारी. हॉलची मान तिच्याबरोबर हलायला लागली. कीबोर्डवाला हसायचं विसरला होता. अकरा अठराला सहा थर झाले होते आणि फेरी इतकी स्वच्छ फिरत होती की तिला वाटलं, संपलं, काही होणार नाही, आयुष्यात असं कधी वाजलं नव्हतं.

तेवढ्यात तिच्या समोरच माइकच्या स्टँडचा पाइप सैल होऊन खाली घसरला.

कर्रर्र. टक्.

शटर नव्हतं. कधीच नव्हतं.

माइक तिच्या कमरेशी लोंबत होता. दादा मिक्सरमागून उठला आणि वाकून, लोकांच्या आड येऊ नये म्हणून चोरपावलांनी स्टेजवर चढला. नेहमीचंच काम. दर कार्यक्रमात एकदा तरी करायचा. वायरींच्या जंजाळावरून पाय टाकताना त्याने आधाराला अँपचा लोखंडी दांडा धरला. डावा हात स्टँडकडे निघाला.

ओठाची मुंगी. खिशातला स्क्रू. ठिणगीला सगळं एकदम कळलं. एवढ्या लख्ख उजेडात, दीडशे माणसांसमोर. एका हातात करंट आलेला दांडा, दुसरा हात माइकवाटे जमिनीला पोचणाऱ्या स्टँडकडे. घशात आवाज चढला आणि तिने दात आवळले. ओरडायचं नाही. ओरडलं की खरं होईल. ओरडायचं नाही.

"दादा, हात काढ!"

अँपमधून आलं. पूर्ण आवाजात. जीव तोडून.

सगळा हॉल दचकला. दादासुद्धा दचकला, थांबला. उजवा हात दांड्यावर, डावा हवेत, स्टँडपासून वीतभर. तिच्याकडे बघितलं. तिचं तोंड बंद होतं. त्याने ते पाहिलं. आणि त्याच्या चेहऱ्यावर कालचंच हसू पसरलं. ठेवलंस की गं, असं. भारी. त्याने तिला डोळा मारला.

आणि स्टँड धरला.

"दादा, हात काढ!" ठिणगी ओरडली.

लोकांना ते पहिल्या हाकेमागून आलेल्या प्रतिध्वनीसारखं वाटलं. दोन-तीन जणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. दादाचे हात सुटत नव्हते. डोळे तिच्याकडेच होते, पण हसू आता नुसतं तोंडावर राहून गेलेलं.

रखवालदाराने मेन स्विच ओढला तेव्हा सगळं बंद झालं. पंखे, दिवे, स्पीकर. फक्त बॅटरीवरच्या खोक्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. फेरी चालू होती.

७

"मेंदूला काही मिनिटं रक्त पोचलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हृदय चालू आहे. जाग येईल की नाही, आत्ता सांगता येत नाही. शुक्रवारपर्यंत बघू."

वहिनी इस्पितळातल्या बाकावर सरळ बसून होती. म्हणाली, "दोनदा ओरडलीस तू."

ठिणगीने तिच्याकडे पाहिलं.

"मी मोजलं. पहिल्या ओरडण्यात आणि त्याने स्टँड धरण्यात तीन सेकंद होते. तीन सेकंद खूप असतात. त्याने ऐकलं होतं. का नाही काढला हात?"

"वहिनी, पहिला आवाज माझा नव्हता."

"माझे कान शाबूत आहेत, ठिणगी. तुझाच होता."

ठिणगीने खिशात हात घातला आणि पितळेचा स्क्रू वहिनीच्या तळहातावर ठेवला. इलेक्ट्रिशियनची बायको होती ती. काय आहे हे तिला विचारावं लागलं नाही. तिने मूठ मिटली, उठली, आणि व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या बाकावर जाऊन बसली.

सोमवारी सकाळीही ती तिथेच होती. मधे सतरा पावलांची फरशी. ठिणगीच्या पायाशी गिटारची बॅग, बॅगेत खोकं. कोणीतरी हॉलमधून आणून दिलेलं. बॅगेच्या जाड कापडातून हिरवा उजेड दिसायला लागला तेव्हा तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंच नाही. किती वाजले असणार, ते माहीत होतं.

तिने लाल बटण अंगठ्याने दाबून धरलं. एक, दोन, तीन. दिवा विझला नाही. दहापर्यंत मोजलं. मग हेडफोन लावला.

आधी नुसती सळसळ. मग फार लांबून, सात भिंतींपलीकडून यावा तसा, एक शब्द.

दादा.

आवाज तिचाच होता. एवढंच कळलं. डोळे उघडणाऱ्या माणसाला मारलेली ती हाक होती, की दुसरी, ते अजून ऐकू येत नव्हतं. उद्या थोडं मोठं येईल. परवा आणखी. ठिणगीने बोटांवर मोजलं. मंगळ, बुध, गुरू.

व्हरांड्याच्या त्या टोकाला वहिनीने मान वर केली. तिच्याकडे बघत राहिली. मग मूठ न उघडता उठली आणि चालत आली. तिच्याशेजारी बसली आणि रिकामा हात पुढे केला.

"दे इकडे," ती म्हणाली. "मलाही ऐकू दे."